आधी आवळायचं

ओहोटी लागली तशी होडी वाळूवर टेकली,
एका कुशीवर, व्यालेल्या गायीसारखी.
आपल्याकडे सहा तास. मग पाणी परत येणार,
आणि चिलोएचं पाणी कुणासाठी थांबत नाही.

मी इंजिनाच्या कोठीत, पोटावर.
पाण्याचा पंप काढायचाय. सहा बोल्ट.
बोल्ट आपलं म्हणायचं.
हिरवट पापुद्रे, डोकी झिजून गोल,
लोखंड कुठे संपलं आणि मीठ कुठे सुरू झालं
ते बोटांना कळेना.

रोसामेलकाका वर, तेलाच्या डब्यावर,
हात मांडीवर ठेवून. त्या हातांना
आता कपाचा कानसुद्धा धरवत नाही.
"घाई नको, आन्सेल्मिना."
मी घाई करत नव्हते, शिव्या देत होते.

काल रात्री डिझेल पाजलं, आज सकाळी परत पाजलं.
हातोडीने टिचक्या मारल्या, दार वाजवावं इतपत,
फोडावं इतक्या नाही.
मग बत्तीची ज्योत. बोल्ट तापला की
चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्तीचं टोक टेकवायचं:
मेण वितळतं, फटीत शिरतं,
जिथे तेल जात नाही तिथे जातं.
"आता सोडवू?"
"आधी आवळ," काका म्हणाले.
"जाम झालेल्याला आधी त्याच्याच बाजूने ढकलायचं.
केसभर हलला, की मग उलटा."

पहिला ओरडला. ओरडला तर बरं असतं,
कर्रर्र करून गंज सोडतो.
दुसरा, तिसरा. पाना सटकला,
दोन बोटांची सालटं निघाली.
चौथा मात्र गप्प. पाना लोण्यातून फिरावा तसा फिरला
आणि मला आधीच कळलं.
डोकं हातात आलं, बाकीचा आत.
वरून काही आवाज आला नाही.
काकांनाही तो मऊपणा ऐकू आला असणार.

पाचवा निघाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सहाव्याशी दीड तास.
पाणी आता वाळूच्या त्या काळ्या पट्ट्यापर्यंत आलेलं.
"कुठल्या गाढवाने आवळलाय हा?"
"मी," काका म्हणाले.

मग बराच वेळ फक्त पक्षी.

"सत्त्याण्णव साली. कोर्कोवादोच्या आखातात, रात्री.
पंप गळत होता. देल्मिरो बादलीने उपसत होता,
उपसता उपसता आईला हाका मारत होता.
मी पान्याच्या दांड्यात पाइप घातला आणि आवळला.
गळती थांबली.
थांबली, तरी आवळत राहिलो.
उजाडेपर्यंत, मधूनमधून, परत परत."

मी परत ज्योत लावली. परत मेण.
पाना बसवला आणि आवळला,
त्या रात्रीच्याही पुढे. जागाच नव्हती,
तरी केसभर गेला.
मग मागे. थोडा पुढे, जरा जास्त मागे,
अंधारात जिना उतरावा तसं.
तो ओरडला. एवढं लांबलचक ओरडला
की काका उभे राहिले.

बाहेर काढला तेव्हा डोकं सडलेलं,
पण आतले आटे कोरे, चांदीसारखे,
कालच दुकानातून आणल्यासारखे.
काकांनी हात पुढे केला. मी तळव्यावर ठेवला.
मूठ मिटेना. बोल्ट घरंगळला,
फळ्यांखालच्या तेलकट पाण्यात डुबूक.
आम्ही दोघांनीही शोधला नाही.

"नवा लावशील तेव्हा बोटाने लाव.
मग पान्याने अर्धा फेरा. पुरे."
मी मान हलवली.
"पुरे," ते परत म्हणाले, माझ्याकडे न बघता.

पंप निघाला. समुद्राचा कॉक बंद केला.
चौथा अजून आतच आहे, डोक्याविना,
त्याचं उद्याच्या ओहोटीला बघू.
पाणी तळाला लागलं, होडी कुरकुरली,
हळूहळू स्वतःच सरळ झाली,
आणि आम्ही दोघं तिच्यात, इंजिनाला पंप नाही,
कुठेही जाणार नव्हतो,
डब्यावर चहा ठेवला होता, तो निवत होता.
मी कप त्यांच्या ओठांशी धरला.