कानामागे

पुंता अरेनासमध्ये ऊन तापत नाही,
हीच त्याची लबाडी.
वाऱ्यानं झाडं जन्मभर एकाच बाजूला वाकलेली,
आणि माणसं लोकरीच्या कोटात
हळूहळू भाजतात.

माझ्या दुकानात एक खुर्ची, एक आरसा.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी बेलार्मिनो कार्कामो येतो.
मेंढ्या कातरतो, चाळीस उन्हाळे झाले.
म्हणतो, "एदुविना, धंदा आपला एकच,
तुझी गिऱ्हाइकं लाथा मारत नाहीत एवढंच."

ऑक्टोबरात त्याच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवर
मसुरीएवढी खपली.
नोव्हेंबरात तीच.
डिसेंबरात निघाली, खाली ओलं रक्त.
जानेवारीत परत जागच्या जागी.
साध्या जखमेला निघून जायची घाई असते.
ही मुक्कामाला आलेली.

त्याच्या कानावर घातलं मी.
त्यानं कानामागे टाकलं.
"थंडीनं चिरते कातडी."

थंडीनं नाही, बाबा.
आई तुझी क्रोएशियन, तिची ती सायीसारखी कातडी,
मिनिटात लाल होणारी.
तुझी गोल बोइना टाळू झाकते, कान वाऱ्यावर सोडते.
ढगातूनही येतं ते, बर्फावरून उलटून हनुवटीखाली शिरतं.
शाळेच्या फाटकावर रोज रंगीत निशाण चढतं,
हिरवं, नारिंगी, वाईट दिवशी जांभळं,
पोरं ते बघून टोप्या ओढून घेतात.
मेंढ्यांच्या वाड्यावर कोण लावतंय निशाण?

एवढं सगळं बोलले नाही.
उजवी बाजू कापून झाली होती.
कात्री खाली ठेवली.
"डावी बाजू डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्यावर."

अकरा दिवस तो गावभर
अर्ध्या डोक्यानं फिरला.
बेकरीत हसले, बंदरावर हसले,
धाकट्या भावानं फोटो काढला.
बाराव्या दिवशी तो दवाखान्यात गेला,
लाजेनं, भीतीनं नव्हे.

रोगाचं नाव त्याला अजून नीट म्हणता येत नाही.
पाचरीसारखा तुकडा काढला त्यांनी,
कड शिवून टाकली.
वेळेत आलास, म्हणाले. दर सहा महिन्यांनी ये, म्हणाले.
आणि कानांवरही मलम लाव.
"मलम! माझ्या वयात!"
पण खिशातून डबी डोकावत होती.

खुर्चीत बसला, बोइना काढली.
त्याच्या मेंढ्यांच्या कानाला असते
अगदी तशी खाच, मालकाची खूण.
आरशात बराच वेळ बघत राहिला.
"हरवलो तर कुणीतरी परत आणून सोडेल," म्हणाला.
मी डावी बाजू कापली.
दोन्ही बाजू काही जुळल्या नाहीत.

आता प्रत्येकाचे कान मी दुमडून बघते,
केसांचा भांग पाडून टाळू बघते,
काळ्यासावळ्यांना तळपायाचंही विचारते.
गिऱ्हाइकं वैतागतात.

संध्याकाळी शटर ओढून
हातातला आरसा मागे धरते,
मोठ्या आरशात माझी मान शोधते.
हात भरून येतो.
एक डाग आहे, किंवा काचेवरचा केस.
नीट दिसत नाही.