उभादांडा

कारखाना सुटला की सोमवारी-गुरुवारी
चॅपेलच्या पडवीत लुर्दिन बाई फळा टेकवतात.
अठरा वर्षं कुवेतात लोकांची घरं पुसली,
आता आम्हा सातजणींच्या जिभा घासतात.

"विल अख्खा बोलूचा नाय.
अख्खा बोललंस तर पोलीस बोलल्यासारख्या वाटता."
आणि खडूच्या बोटाने
डब्ल्यू पुसला, आय पुसला.
राहिले दोन उभे दांडे,
आणि त्यांच्या अलीकडे, वर, अधांतरी
एक वाकडा काजूगर.

मला हसू फुटलं.
जन्म उभादांड्यात गेला आणि गावाचं नाव
आज फळ्यावर दिसलं, तेही इंग्रजीत.

आमच्या घरी विल म्हणजे सासऱ्यांचं.
अकरा वर्षं कुडाळच्या कोर्टात पडून आहे,
त्यातलं एक अक्षर कमी होत नाही.

बावीस वर्षं मी साल काढते.
बोरम्यातून ट्रे येतो, हात भाजतो,
नखाने पापुद्रा उचलायचा, गर जपायचा.
अख्खा राहिला तर तीनशे वीस नंबर,
दुभंगला तर पाकळी, भाव निम्मा.
इथे उलटं. शब्द मोडला
तरच तो घरातला वाटतो.

मोडायलाही रीत आहे म्हणा.
आय'ल गो. इथे क्रियापद लगेच, अनवाणी.
पण मध्ये हॅव आलं, नीड आलं, ट्राय आलं
की टू घालायचा,
होडीतून उतरताना टाकतात तशी फळी.
आय'ल नीड टू गो. आय'ल ट्राय टू कम.
टूच्या पलीकडे क्रियापदाला
ना काल ना उद्या, ना बाई ना बुवा.
आनशी म्हणाली, "ह्यो तर आपलोच ऊक.
जाऊक, येऊक, मोजूक.
फक्त शेपटीकडसून उठान तोंडाकडे बसलो."
लुर्दिन बाईंनी तिला नवा खडू दिला.

घरी पेज काढताना मी म्हणायचे, आय'ल हॅव टू.
पुढचं काही ठरलेलं नसायचं.
आय'ल हॅव टू, आणि टोप उतरवायचा.

मार्चात रॉटरडॅमचा माणूस आला,
उंच, घामेजलेला, कानावर पेन.
खवणेकर मॅनेजर त्याला खोक्यांच्या रांगेतून नेत होते,
ऑल होल, सर, ऑल होल.
चौदाव्या खोक्याची पट्टी मी चिकटवलेली नव्हती.
माझ्या पट्टीचं टोक मी दुमडते,
सोडवणाऱ्याला सोपं जावं म्हणून.
याचं टोक सपाट होतं.

आय'ल हॅव टू ओपन इट.

कोण बोललं ते मलाही आधी कळलं नाही.
काजूगर जागेवर होता, टू जागेवर होता.
खवणेकर हसले, मराठीत म्हणाले,
राहू दे, तुळसकरबाई.
त्या माणसाने पेन हातात घेतलं. विचारलं,
विल यू?

आय'ल, एवढंच म्हणायला गेले
आणि ते तोंडात बसेना,
पुढे टेकायला काहीच नव्हतं.
आय विल, म्हटलं.

वरचे दोन थर अख्खे. खाली पाकळी.

माझी जागा आता खिडकीपाशी नाही,
बिया फोडायच्या यंत्राशी आहे.
खवणेकर माझ्याशी फक्त आकड्यांत बोलतात.

गुरुवारी बाईंना विचारलं, तिथे ते का मोडलं नाही?
फळा पुसता पुसता त्या म्हणाल्या,
"फुडे कोण नसला काय विल मोडना नाय.
एकट्याक अख्ख्या रवूचाच लागता."
मग चपला शोधत, "सोमवारी पाच वाक्यां लिवन हाड."

रात्री वहीत पहिलं लिहिलं, आय'ल ट्राय टू
आणि बोटाला चीक होता म्हणून
पुढचं अक्षर काळं झालं.