कितवीत?

गोतमाऱ्यांच्या शेडातून संत्र्याचा शेवटचा ट्रक गेला
त्याला महिना झाला.
आता आत थोडं वाळकं गवत, एक वजनकाटा
आणि आमची अकरा पोरं.

आज त्यांचं वर्ष संपतं.
घंटा नाही, म्हणून टिकाराममामानं
काट्याच्या पत्र्यावर पान्हा हाणला.
कबुतरं उडाली. पोरं मात्र रांगेत बसली,
वर्षात पहिल्यांदाच.

मयुरीनं सुतळी आणली,
दसऱ्यापासून दर रविवारी विहिरीत सोडलेली,
पाणी लागेल तिथं एक गाठ.
या भिंतीपासून दारापर्यंत ती अंथरली
आणि गाठीगाठीवरून चालत गेली.
शिमग्यानंतरच्या गाठी लांबलांब होत्या.
"इथं मोटार दोन घंटे चालायची," ती म्हणाली,
"अन् इथं, अर्धा."
टाळी कुणी वाजवली नाही.
तिचा बाप दाराशी गेला, उकिडवा बसला,
शेवटची गाठ चिमटीत धरून राहिला.

हर्षलनं घुबडाच्या ओकलेल्या गोळ्यांतली हाडं
कागदावर मांडली.
चिचुंद्रीची कवटी हरवली म्हणून रडला,
ती त्याच्याच खिशात निघाली.

मग माझा निमिष. दहा वर्षांचा.

आता सांगून टाकते:
भादव्यात मी काटोलहून चौथीचं पुस्तक आणलं,
ज्वारीच्या कोठीत दडवलं.
बाकीच्या आयांना वाटायचं,
हिचाच भरवसा सगळ्यात पक्का.
तो झोपला की मी ते काढायची,
त्याला न येणारे शब्द मोजायची.
एका रात्री एकशे चाळीस झाले.
मग मोजणं सोडलं. पुस्तक सोडलं नाही.

तो उठला. हातात आडतीची जुनी पट्टी.
बोट ठेवून वाचू लागला:
"मोठा माल... पेट्या बावीस.
हमाली. तोलाई."
पुढच्या शब्दाशी बोट थांबलं.
मामाचे ओठ हलले,
मी त्याचं मनगट दाबलं.
बाहेर कुठंतरी बकरी ओरडत होती,
बराच वेळ ओरडत होती.

"तूट," निमिष म्हणाला. "तीन किलो."
आणि वर पाहून:
"तीन किलो गेले कुठं?"

चाळीस वर्षं काट्यावर बसलेला टिकाराममामा
एकदम चपला शोधू लागला.
हसून हसून वनमालाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं,
माझ्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं.

नंतर रोडगे. राख झटकून, तुपात बुडवून,
वांग्याची भाजी इतकी जहाल
की पोरं नाक पुसत जेवली.
कळमेश्वरची नणंद तेवढ्यासाठीच आलेली.
तिनं वाढता वाढता विचारलंच,
"काय रे, कितवीत गेला?"
"कोण?" निमिष म्हणाला,
आणि आणखी एक रोडगा मागितला.

पुस्तक अजून कोठीतच आहे.
ज्वारी तळाला आली,
आठवड्याभरात त्याच्या हाती लागेल.
लागू दे.
वाचेल.