लाल टोपण

रात्री चार्ज घेतला तेव्हा बेचाळीस खाटा,
आणि खाटांच्या मधे, खाली, आणखी सात.
शिकाऊ पोरगी सिलिंडरसाठी तळमजल्यावर गेलेली.
स्टोअरमधून इन्सुलिन बदलून आलं होतं, शंभरची बाटली.
ट्रेमध्ये सिरिंज मात्र जुन्याच,
लाल टोपणाच्या, चाळीसच्या.

लेबल वाचलं का? वाचलं असेल.
अकरा महिन्यांची ऑर्डर अकरा वेळा घेतलेले हात
डोळ्यांना विचारत बसत नाहीत.
वीसच्या रेघेपर्यंत ओढलं,
चौदा नंबरच्या नरसय्या यमूलला टोचलं
आणि पंधराकडे वळले.

तीनच्या सुमाराला त्याची बायको आली,
"अम्मा, जरा बघा की, सगळं अंग भिजलंय."
सोलापूरचा मे. पंखा गरम हवाच ढवळत होता,
वॉर्डात कोण भिजलेलं नव्हतं?
पण हा घाम थंड होता.
शुगर अडतीस.

डेक्स्ट्रोज भरता भरताच
डोक्यात हिशेब सुरू झाला:
वीसचे पन्नास.
वीसचे पन्नास.

त्यानं डोळे उघडले, तेलुगूत पाणी मागितलं,
मग विचारलं, माग कुणी बंद केला?
बायको हसली. मीही हसले.
टोपण माझ्या खिशात होतं.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
पहाटे ३.१०, रुग्णास दरदरून घाम.
डेक्स्ट्रोज दिले. प्रकृती स्थिर.
एकही शब्द खोटा नाही.
इतकं स्वच्छ अक्षर माझं एरवी येत नाही.

फॉर्म आहे तसा. मेट्रनच्या कपाटात, कुलपात.
पहिला रकाना: चूक करणाऱ्याचे नाव.
बाटली कधी बदलली, कुणाला सांगितलं,
एकोणपन्नास माणसांना किती हात होते,
याला रकाना नाही.
बागवान सिस्टरनं तो भरला होता, खरा खरा, दोन्ही बाजूंनी.
मेमो आला, नातेवाईक आले, मोबाईल धरून,
मग करमाळ्याची बदली.
आता आम्ही नव्या पोरींना सांगतो,
नीट लिही गं, नाहीतर तुझी बागवान होईल.
नीट म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही.

माझी आई विड्या वळायची.
कारखान्यात चेकर छाट काढायचा,
वाकडी विडी तिच्यासमोर मोडायचा, मजुरी कापायचा.
म्हणून वाकडी ती जुडीच्या पोटात घालायची,
भोवती चोवीस सरळ.
मी तंबाखूच्या वासात अभ्यास करत ते बघायची.
हे तिला शिकवलं कुणी?
चेकरनंच, दुसरं कोण.

डिस्चार्जच्या दिवशी यमूलबाईनं
शेंगाचटणीची पुडी हातात कोंबली.
"तुमी होता म्हणून घर राहिलं आमचं."
नको म्हणता आलं नाही.
आठवडाभर भाकरीबरोबर खाल्ली,
तिखट होती. चांगली होती.

जुलैत एका रात्री बायकांच्या वॉर्डातून
सुवर्णा होटकर पळत आली. डेक्स्ट्रोज आहे का?
दिलं. काही विचारलं नाही.
मागोमाग गेले तेव्हा तिच्या ट्रेमध्ये बघितलं
आणि बघितलं नाही असं केलं.
तिची म्हातारी नऊपर्यंत डोळे उघडत नव्हती.
नंतर रजिस्टर चाळलं.
रुग्णास दरदरून घाम.
माझाच शब्द. सुंदर, गोल अक्षर.

मे ते जुलै. तेवढ्यात आणखी किती वॉर्डांत
किती जणांना घाम फुटला असेल,
आणि आम्ही खिडक्या उघडल्या असतील.

सकाळी गेटबाहेरच्या गाड्यावर चहा घेतला.
ती बशीकडे बघत होती, मी रस्त्याकडे.
एक रिक्षा गेली, मग दुसरी.
मी खिशातून टोपण काढलं, तिच्या बशीत ठेवलं.
म्हटलं, "वीसचे पन्नास."
तिचा कप ओठाशीच थांबला.

गाडेवाला म्हणाला, ताई, अजून एक देऊ का?
मेट्रन दहाला येतात.
आम्ही दोघींनी अजून एक घेतला.