एक जून

डाव्या मनगटाचा फोटो काढला त्यांनी.
बोटं सुटी ठेव, हलू नको,
एवढंच सांगितलं, असं विश्वतेज म्हणाला.
यंत्र आतून उद्यमनगरागत ठोकत होतं,
बापाचा कारखाना आठवला, जरा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी शिबिरातून परत, खांद्यावर तीच पिशवी.
हाडाच्या टोकाशी एक रेघ असते म्हणे
वाढत्या पोराच्या. ती मिटली
की सतरा वर्षांखाली जागा नाही.
ह्याची मिटली होती.
पात्रता फेरीचं विमान उडायला नऊ दिवस होते.

बातमी पेठेत दुधाच्या गाडीआधी पोचली.
तालमीच्या कट्ट्यावर जो तो आपलं मनगट
ट्यूबलाइटसमोर धरून बघायला लागला.
बारक्या हेरवाडे म्हणाला, जोर मारून मारून मिटली.
कोण म्हणालं, मोल्डिंगच्या पेट्या उचलून.
कोण म्हणालं, दिल्लीवाल्यांचं राजकारण.
रंगराव मगदूम काहीच बोलला नाही.
नखातली काळी वाळू काडीनं काढत बसला.

आई मात्र ठाम.
"फायनल हुती. टायब्रेकरला गेल्याली.
दवाखान्यातला कंपाउंडर मला तशीच टाकून
स्टेडियमच्या भिंतीवर चढाय पळाला.
आवाज उठला, अन् ह्यो भाईर आला.
आनि कसला दाखला पायजे?"

नोंद घालायचं काम त्या कंपाउंडरचं.
तो तीन दिवस मिरवणुकीत होता.

आम्ही कपाट उघडलं,
ढालींवरची धूळ बाहीनं पुसली.
टायब्रेकरच्या फायनली दोन निघाल्या,
मधे तीन वर्षं.
दोन्ही ढालींवर उपविजेते, म्हणजे आम्हीच.
एका सालानं पोरगं सोळाचं,
दुसऱ्यानं एकोणीसचं.
शेवटचा गोल कुणी मारला हुता वैनी?
ती म्हणाली, मला काय तिथनं दिसत हुतं?

शाळेचा दाखला कुणी काढला नाही,
मीही काढू दिला नाही.
तेव्हा मी शाळेत क्लार्क.
जूनचा महिना, रांग दारापर्यंत,
समोर रंगराव, बोटाला धरलेलं शेंबडं पोरगं.
तारीख? त्यानं छताकडं बघितलं.
मी लिहिलं, एक जून.
त्या पानावर एकोणीस पोरं एक जूनला जन्मली आहेत.
सालही मीच घातलं.
उंची बघून, का पडलेले दात बघून,
का मागचा माणूस घाई करत होता म्हणून,
आता सांगता येत नाही.
पेन गळत होतं, तेवढं आठवतं.

सामना रात्री साडेनऊला.
मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवलेला,
वीस डोकी, आणि विश्वतेज सगळ्यात पुढं, मांडी घालून.
मीच म्हटलं होतं, नको येऊस.
राष्ट्रगीताला तो उभा राहिला,
मग आम्ही सगळेच उठलो.
गोलात दुसरंच पोरगं,
हातमोजे नवे कोरे, सारखे ओढून घेणारं.

दुसऱ्या हाफात, पंचवीस यार्डांवरून
त्यांच्या त्या उंच पोरानं ठेवून दिला.
जाळी हलली.
पेठेनं परक्या गोलकीपरच्या सात पिढ्या काढल्या.
विश्वतेज म्हणाला, "गप बसा की.
शेवटाला बॉल खाली बसला.
कुनालाच घावला नसता."

पण तोवर त्याचा डावा हात
खालच्या कोपऱ्यात जाऊन आला होता.
जग आडवा, मोबाईल पाण्यात, पडदा काळा.
निकाल आम्हाला सकाळी कळला.

तो हात अजून तसाच पुढं, ओला,
बोटं सुटी.
मी फडकं आणायला उठलो.