तळघराचं दार

फेब्रुवारी. नदी अजून इतकी घट्ट
की टपालाची गाडी तिच्यावरूनच येते.
दुपारचाच दिवा लावून
बियांचा पत्र्याचा डबा मी टेबलावर उपडा करते.

पाकिटं खोटं बोलत नाहीत.
फक्त दुसऱ्याच कुणाच्या उन्हात मोजलेले दिवस सांगतात.
‘साठ दिवसांत तयार’.
कुठले साठ?
आमचा मे म्हणजे गुडघाभर चिखल,
आणि जूनमध्ये लोखंडी रात्री.
हेच नाव आहे त्यांचं या खोऱ्यात:
संध्याकाळी हिरवं असलेलं
सकाळी काळं पडून लोळतं, अशा रात्री.

खरं पंचांग तळघराच्या दाराला, आतल्या अंगाला.
बाबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं,
वर्षाला दोनच तारखा:
शेवटचं हिव, पहिलं हिव.
अडुसष्ट साल: एकोणीस जून, अकरा ऑगस्ट.
बाकी एक अक्षर नाही.
आई गेली त्या सालापुढेही दोनच तारखा.
त्या दोन तारखांमधल्या फटीत
आमचं घर जेवलं.
खालच्या चोवीस ओळी माझ्या.

तर, सलगम.
त्याच्याबद्दल काय बोलायचं, घरचंच माणूस.
नवलकोल घेते. दिसायला वाट चुकल्यासारखा,
पण वेळेचा पक्का.
बुटका मटार, ज्याला काठीही लागत नाही.
गाजर: गारठा चावला की गोड होतं,
मला नाही जमलं ते.
पालक नको. रात्र पडायचीच थांबली
की त्याचं डोकं फिरतं,
वीतभर व्हायच्या आत तुरे काढून मोकळा.
शेपूला कोण विचारतंय,
तो मागच्या वर्षीच्या वाफ्यातून आपणहून येतो,
बोलावलं नाही म्हणून रुसत नाही.

आल्फहिल्ड तीस वर्षं दक्षिणेत राहून परतली आहे,
दोन सुटकेसी आणि एक लखोटा घेऊन.
लखोट्यात भोपळ्याच्या सात बिया.

“एकशेदहा दिवस लागतात,” मी म्हणाले.
“तुला मोजायला कुणी सांगितलं, गुनवोर?”

त्यानंतर चार दिवस
आम्ही मीठ मागण्यापुरतंच बोललो.

एप्रिलमध्ये तिनं दुधाच्या रिकाम्या खोक्यांत माती भरली.
दोन बिया उगवल्याच नाहीत.
दोन रोपं मांजरानं खिडकीतून पाडली.
दोन लोखंडी रात्रींनी नेली, ओळीनं.
उरलं एक.
ते तिनं दक्षिणेच्या भिंतीला लावलं,
भोवती नदीतले काळे गोटे रचले,
दिवसभर तापायचे आणि रात्री थोडं थोडं परत द्यायचे.
ही युक्ती बाबांची. मी विसरले होते.
तिला सहा वर्षांची असल्यापासून आठवत होती.

जुलैत पिवळं फूल आलं.
मधमाशीची वाट न पाहता
तिनं रंगाचा कुंचला घेतला,
आणि रात्रीच्या साडेबाराला, लख्ख उन्हात,
नाइटगाउनवर वाकून
काय करायचं ते केलं.
समोरच्या राग्नवाल्डनं पडदा ओढून घेतला.

सतरा ऑगस्टला पहाटे
खुंटीवर माझा हिवाळी कोट नव्हता.
तो भिंतीशी वेलावर पसरलेला, वरून पांढरा झालेला,
आणि पायरीवर ती, मोजे न घालता.
मी ओरडणार होते.
मग बाही उचलून पाहिलं.

सलगम भरपूर आलं, नेहमीसारखं.
पोतं घेऊन मी तळघरात उतरले,
दाराशी पेन्सिल सरळ केली
तर तारीख आधीच लिहिलेली, गोल गोल अक्षरात,
आणि तिच्यापुढे,
जिथे इतक्या वर्षांत कुणी काही लिहिलं नव्हतं:

भोपळा. एक. मुठीएवढा. खाल्ला.

खोडरबर शोधायला मी वर आले.
कॉफी ठेवली, दोघींपुरती.