जाळीचं माप

टुटू मला चार डॉलरला मिळाला.
नाचाची शाळा बंद पडत होती,
आरसे आणि खुर्च्याही विकायला काढल्या होत्या.
मी बावन्न वर्षांची, उजवा गुडघा धातूचा.
लहानपणी मला कुणी नाचू दिलं नाही
असंही काही नाही. पिवळा होता तो. बस्स.

ओटावापासून बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले,
रुसून फुगलेली कोंबडी धरावी तसा.

गावात टेलिफोनचे खांबसुद्धा रंगवलेले:
निळा, पांढरा, तांबडा,
निळ्यात एक पिवळी चांदणी.
उद्या-परवा नाही, आजच पंधरा ऑगस्ट.
मी टुटू चढवला आणि धक्क्यावर गेले.
खाली जाड लोकरी विजार होती, आधीच सांगून ठेवते,
कारण दर्यावरच्या वाऱ्याला टुटू कळत नाही,
तो त्याची उलटी छत्री करतो.

शेवंडांच्या सापळ्यांची रास होती.
एका खिळ्यानं मला थांबवलं.
टर्रर्र.

रासेपलीकडून एक म्हातारी उठली,
रबरी बूट, तोंडात जाळं विणायची सुई.
तिची फ्रेंच मला निम्मी कळली,
निम्मी वाऱ्यानं नेली,
पण पहिला प्रश्न पुरता कळला:
कुणाची गं तू?

काय सांगायचं असतं अशा वेळी?
बापानं कारखान्याच्या फाटकाशी
आडनाव इंग्रजी करून घेतलं होतं.
ल ब्लांचा व्हाइट झाला,
आठवड्याला दोन डॉलर जास्त मिळाले,
आणि घरात ती भाषा
फक्त हातोडी बोटावर बसली की निघायची.

तरी म्हटलं,
फिदेलची.
फिदेल दोमितीयनचा.
दोमितीयन मागलोआरचा.
पुढचं मला येत नाही.

मागलोआर? एका हाताचा?

ठाऊक नाही हो.

एका हाताचाच, ती म्हणाली,
आणि तो विषय संपला.

मग तिनं माझा घेर चिमटीत धरला,
उजेडाकडे केला, डोळा बारीक केला,
जाळीचं माप काढलं.
यात काय घावणार, म्हणाली,
यातून तर धड पाणीही जायचं नाही.
हसली नाही. तक्रार होती ती, मालाबद्दल.
हिरवा नायलॉनचा दोरा, नऊ गाठी,
माझ्या कमरेशी तिचा खारट श्वास.
टुटू का घातलास, हे ओझितनं
शेवटपर्यंत विचारलं नाही.

पाच पंचावन्नला सगळं गाव रस्त्यावर.
ही वेळ त्या सालावरून घेतलेली,
सतराशे पंचावन्न,
जेव्हा घरं जाळून माणसं गलबतांत कोंबली,
नवरा एका बंदरात, बायको दुसऱ्या.
आता त्यांची पणतवंडं
कढया, पत्रे, भोंगे, बादल्या बडवतात.
त्याला ताल नाही, असायचाही नाही.
आहोत, एवढंच त्यात म्हणायचं असतं,
तेही कानठळ्या बसतील असं.
मला कुणीतरी कालवं उकडायच्या भांड्याचं झाकण दिलं.
एका पोरानं विचारलं, तू परी का?
मी म्हटलं, नाही, मी मागलोआरची,
आणि झाकणावर डाव हाणला.
डावाला पोचा आला.
गुडघा दोन दिवस सुजला होता.

ओटावाला लाँड्रीवाल्यानं टुटू नाकाशी नेला, लांब धरला.
आमिषाचा वास आहे, जाईल असं नाही सांगत.
या हिरव्या गाठी मात्र काढून देतो,
पैसे नकोत.

मी तो काउंटरवरून ओढून घेतला.

घरी न्हाणीघराच्या दाराला टांगलाय.
पाऊसपाण्याच्या दिवसांत वास जागा होतो,
आणि मला आठवतं,
मागलोआरला कुठला हात नव्हता,
हे विचारायचं राहूनच गेलं.